साहेबांनी वाखाणलेली हिंदी

बाबा, आज तुमच्या शाळेत तुमचा फोटो लावला. हेडमास्तरांच्या खोलीत, घड्याळाच्या खाली. मला पांढुर्ण्याहून मुद्दाम बोलावलं, गाडी पाठवली, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. फोटोत तुम्ही काळी टोपी घालून असे बसला आहात, की कुणालाही वाटावं हा माणूस आयुष्यात कुणाला घाबरला नसेल. भाषणं झाली. तुमचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच नोकरीतून निवृत्त झालेला, माइकसमोर उभा राहिला आणि त्याने ती गोष्ट सांगितली. तो तीच सांगणार हे मला त्याने घसा खाकरला तेव्हाच कळलं होतं. आमच्या गुरुजींची हिंदी अशी, की वरून आलेले मोठे साहेब भर सभेत म्हणाले, 'मास्टरजी, आप तो हमसे भी अच्छी हिंदी बोलते हैं।' टाळ्या पडल्या. मीही दोन हात एकमेकांवर आपटले, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते. घरी आले, चहाही न घेता कागद काढला. सून विचारते, कुणाला लिहिता? म्हटलं, आहे एक जुना हिशोब. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

गोष्ट कुणीही सांगितली तरी तिथेच थांबते, साहेबांच्या कौतुकावर. तुम्हीही तिथेच थांबायचात. त्या सभेत तुमच्या शेजारी एक मुलगी हातात भाषण घेऊन उभी होती, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. मी किती वेळा ऐकली ती गोष्ट, बाबा. तुमचे जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा सांगितलीत, माझ्या मुलाच्या बारशाला सांगितलीत, आणि मी प्रत्येक वेळी आत पाट-पाणी मांडत असे.

राज्यशास्त्र मला तुम्हीच घ्यायला लावलं. मावशी म्हणत होती, पोरीच्या जातीला इतिहास बरा, सोपा असतो. तुम्ही म्हणालात, "देश नवा झाला, त्याचं शास्त्र कोणाले तरी यायले पाहिजे ना? आपल्या सौंसरात एकालेही येत नाही." स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी तुम्ही शाळेच्या अंगणात मुलांना सांगत होतात की आजपासून तुम्ही प्रजा नाही, नागरिक आहात, आणि नागरिकाला बोलता आलं पाहिजे. मी तेव्हा परकरातली पोर, पुढे बसलेली, पेढ्याकडे डोळे लागलेले. पण ते वाक्य मी ऐकलं आणि खरं मानलं. माझं निम्मं नुकसान तिथेच झालं. वाईट शिक्षक असतात त्यांचं काही डोक्यात राहत नाही, आणि माणूस सुखी असतो. तुम्ही चांगले शिक्षक होतात.

मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला छोट्या गाडीने नागपूरला नेलंत. लोधीखेडा, सावनेर करत ती गाडी इतकी सावकाश जायची, की उतरून दोन बोरं तोडून पुन्हा चढावं. मावशीचं घर इतवारीत. कॉलेजात आमच्या वर्गात मुली मोजक्याच, आमचा बाक भिंतीला लागून वेगळा. पुस्तकं इंग्रजी, शिकवणं मराठी. सर फळ्यावर राज्याचे घटक लिहीत: भूमी, लोक, शासन, सार्वभौमत्व. आणि मग आमच्या बाकाकडे वळून म्हणत, "हं, सौंसरवाल्या बाई, तुमची भूमी आणि लोक आम्ही जाणतो. शासन कुणाचं येणार ते सांगा." वर्ग हसायचा, मीही हसायचे. तेव्हा सगळीकडे तीच चर्चा होती. भाषेप्रमाणे राज्यं होणार, जुना मध्यप्रदेश मोडणार, नागपूर मराठी मुलखाकडे जाणार. आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मराठी, पण जिल्हा छिंदवाडा, आणि छिंदवाडा हिंदी. आपलं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक चावडीवर जे भांडत ते मी वर्गात शिकत होते. मला ते शिकणं अतिशय आवडायचं. असं सुख मला पुढे कशात मिळालं नाही, मुलांच्या जन्मातही नाही. आईच्या तोंडी हे बोलणं शोभत नाही, पण तुमच्याशी आता कशाला लपवाछपवी.

मी इंटरला असताना तुमचं पोस्टकार्ड आलं. वरच्या मंडळींसाठी माहिती गोळा करणारे एक साहेब पांढुर्ण्याला येणार होते, कुठल्या राज्यात जायचं यावर लोकांचं म्हणणं ऐकणार होते. पांढुर्ण्याच्या वकील-व्यापाऱ्यांनी ठरवलं की इकडची एक मुलगी नागपुरात राज्यशास्त्र शिकते, तिला बोलायला उभी करावी. साहेबांवर छाप पडेल. मी चार रात्री जागून भाषण लिहिलं. आमची संत्री, आमचा कापूस नागपूरच्या बाजारात जातो. आमच्या मुली नागपूरकडच्या काटोल-नरखेडला दिल्यात, आमच्या सुना तिकडून आल्यात. आमचं कीर्तन, आमची शाळा, आमचं भांडण, सगळं मराठीत. आदल्या दिवशी तुम्ही शाळेच्या रिकाम्या वर्गात मला उभं केलंत आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. "मोठ्यानं बोल. मांगं ऐकू येत नाही." मी पुन्हा बोलले. "आता हात कायले हालवून राहिली? हात खाली ठेव." तिसऱ्यांदा बोलले तेव्हा तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवली. तुमचे डोळे भरले होते, बाबा. मी पाहिलं.

सभा जिनिंगच्या आवारात होती. बिछायत घातलेली, समोर टेबल, टेबलावर संत्र्यांचा ढीग. साहेब उत्तरेकडचे, गोरेपान, बोलायला मऊ. त्यांच्या बाजूला खुर्चीवर एक दुभाष्या बसलेला. मराठीतलं हिंदीत करून सांगायला नागपूरहून खास आणलेला माणूस, पुढ्यात कोरे कागद, हातात फाउंटन पेन. माझं नाव पुकारलं. मी पदर खोचून उभी राहिले. साहेब प्रेमाने म्हणाले, "कहो बेटी।" मी म्हटलं, "साहेब, मी या भागाची मुलगी आहे आणि माझ्या भाषेत बोलणार आहे." एवढंच वाक्य. साहेबांनी मान किंचित दुभाष्याकडे वळवली, दुभाष्याने पेनाचं टोपण काढलं. आणि तुम्ही उठलात. हात जोडलेत आणि म्हणालात, "श्रीमान, आपको कष्ट न हो, बिटिया की बात मैं निवेदन करता हूँ।"

माझंच भाषण होतं. वाक्यन् वाक्य तुम्हाला पाठ झालं होतं, रिकाम्या वर्गात तीनदा ऐकून. तुम्ही ते हिंदीत बोललात, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा सरस बोललात. काशीला शिकून आल्यासारखी शुद्ध, गोड हिंदी. आम्ही मराठी आहोत, आम्हाला हिंदी मुलखात घालू नका, हे तुम्ही अशा हिंदीत सांगितलंत की साहेब खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागले. मी बाजूला उभी, पदर खोचलेला, तोंड उघडं. शेवटी साहेब हसून ते वाक्य बोलले. सगळ्या सभेने टाळ्या पिटल्या. आणि मग काय, जो उठला तो हिंदीत. वकील हिंदीत, अडत्ये हिंदीत. तिगावचा एक म्हातारा पाटील, ज्याला 'हम' आणि 'तुम'च्या पलीकडे काही येत नव्हतं, तोही हात जोडून म्हणाला, "साहब, हम मराठी हय, हमको उधर कायको डालता?" पाहुण्यासमोर पाहुण्याची भाषा बोलायची, ही आपल्याकडची रीत. अख्खा गाव रीतीला जागला. दुभाष्याने पेनाला टोपण लावलं आणि तो संत्री सोलत बसला.

परतीच्या मोटारीत तुम्ही इतके खुशीत होतात, की समोरच्या अनोळखी माणसालाही ते वाक्य सांगितलंत. मी म्हटलं, "बाबा, त्यांनी दुभाष्या आणला होता." तुम्ही म्हणालात, "मंग? पाहुणा आपल्या दारात आला, त्याले आपल्यासाठी कष्ट द्याचे का? आपल्याले येते ना त्याची भाषा." मी म्हटलं, "पण बोलायचं तर मला होतं." तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. मग म्हणालात, "तुझंच तं सांगितलं मी. एक शब्द सोडला नाही." आणि ते खरंच होतं.

एका सभेने राज्याच्या सीमा ठरत नाहीत, एवढं राज्यशास्त्र मला येतं. जिल्हे मोडायचे नाहीत असं कुणीतरी वर ठरवलं असेल, किंवा नकाशावर रेघ ओढणाऱ्याला जेवायची घाई झाली असेल. तुम्ही मराठीत बोलला असता तरी आपण जिथे आहोत तिथेच राहिलो असतो, हे मी शंभरदा स्वतःला सांगितलं आहे. सौंसर मध्यप्रदेशात राहिलं याचा राग मला तुमच्यावर नाही. तेव्हाही नव्हता. जे माझं होतं ते तुम्ही उचलून घेतलंत आणि तुम्हाला कळलंही नाही, त्याचा आहे. त्याहून मोठं पुढे घेतलंत.

नवं राज्य झालं ते दिवाळीतच. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, सुटीत घरी आले होते. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपली राजधानी भोपाळ झाली. अंगणात पणत्या लावताना आई म्हणाली, "म्हणजे आता माह्या बहिणीचं घर परराज्यात गेलं म्हना." आम्ही दोघी हसलो. तुम्ही नाही हसलात. सुटी संपायला आली, मी ट्रंक भरली. तुम्ही म्हणालात, "थांब थोडं. नवे इन्स्पेक्टर साहेब येऊन राह्यले शाळेच्या तपासणीले. ते होऊ दे, मंग मी सोडून देतो तुले." मला एकटीला पाठवायची पद्धत नव्हती, दर वेळी तुम्हीच इतवारीपर्यंत यायचात. मी थांबले. तपासणी पुढे गेली. पुन्हा ठरली, पुन्हा पुढे गेली. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "थांब थोडं." एकदा मात्र आईशी बोलताना मी ऐकलं. "त्या सभेत कोण कोण बोललं त्याची नोंद आहे म्हनतात वर. त्यात हेडमास्तरची पोरगी परराज्यात शिकून राहिली, हे कोणाच्या डोळ्यावर यायले नको. नोकरी जाईल न, तं हिचं लग्न कायच्यावर करू?" आई म्हणाली, "पन तिची परीक्षा?" तुम्ही म्हणालात, "होते ना. होते परीक्षा. पाहू."

तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत, बाबा. मला त्याचाच सगळ्यात संताप येतो. नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, अन्न सोडलं असतं, मावशीला बोलावून घेतलं असतं. तुमच्या 'थांब थोडं'शी कसं भांडायचं? ट्रंक माझ्या खाटेखाली भरलेली होती. थंडी पडली तशी तिच्यातून मी शाल काढली. संक्रांतीला जरीकाठाचं लुगडं काढलं. मग पुस्तकं काढली, घरीच वाचते म्हणून. शेवटी शेवटी आईने त्यात धान्य ठेवायला घेतलं आणि मला विचारावं असंही तिला वाटलं नाही. मावशीची कार्डं येत होती: वर्गात नाव आहे अजून, हजेरी भरून घेतील, सरांनी दोनदा विचारलं. मग तीही थांबली. छोटी गाडी रोज शिट्टी देऊन जायची. स्टेशन पायी जाण्याच्या अंतरावर होतं. तू गेली का नाहीस, असं माझी नात आज विचारते. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. बापाने रिकाम्या वर्गात टोपी काढून डोळे भरून आपल्याला ऐकलेलं असलं, की त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. तो आज ना उद्या नेईल, असं वाटतच राहतं.

आणि मग निवडणूक आली. तिकडे नागपुरात माझ्या वर्गाला अभ्यासाची सुटी लागलेली, इकडे तुमची मतदान केंद्रावर ड्यूटी लागली. तुम्ही उत्साहाने घरी आलात. "बायांले समजत नाही वं काही. तू राज्यशास्त्रवाली, तू सांग त्याईले." तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चित्र. कागद कुठे टाकायचा एवढंच सांगायचं होतं. आपल्या अंगणात दुपारी मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. मी डालड्याचे रिकामे डबे मांडले, त्यांवर कोळशाने चित्रं काढली. गडबड वेगळीच निघाली. यादीत नाव तपासताना बाईला नवऱ्याचं नाव विचारतील, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? एकजण म्हणाली, "मी नाही घेत बापा. मत गेलं तं गेलं." दुसरी म्हणाली, "अवं, उखाण्यात घेतलं तं चालते का, विचार न गुरुजीले." सगळ्या खिदळल्या. शेवटी शेजारच्या काकूंनी डब्यासमोर उभं राहून खरंच उखाणा घेतला, कागद टाकला आणि पदर तोंडाला लावला. मीही हसले. त्या काळात बहुतेक तेवढंच हसले असेन. मग काकूंनी विचारलं, "तुही पेटी कोनती वं?" मी सांगितलं की मला मत नाही, माझी एकवीस वर्षं भरत नाहीत अजून. काकू डोळे मोठे करून म्हणाल्या, "मंग तू कायले शिकली वं एवढं?" त्यांनी थट्टेने विचारलं होतं. मी डबे उचलले आणि आत गेले.

परीक्षा झाली. म्हणजे नागपुरात झाली. मी त्या दिवसांत कुरडया घालत होते. आईने माझ्या पास होण्यासाठी जामसावळीच्या मारुतीला नवस बोललेला होता. ती म्हणाली, आता देवाला काय सांगू? मी म्हटलं, सांग, पोरगी बसलीच नाही, तुझा नारळ वाचला. तिला वाईट वाटलं. तुम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतात, पान उलटण्याचा आवाज आला.

त्यानंतर, उन्हं तापल्यावर, तुमचे इन्स्पेक्टर साहेब आले. तपासणी उत्तम झाली. दुपारी आपल्याकडे जेवायला. मी वाढत होते. गृहस्थ साधा निघाला, पुरणपोळी कशी खायची ते आईला विचारून विचारून खात होता. मला पाहून म्हणाला, "बेटी पढ़ती है?" तुम्ही अगदी जपून म्हणालात, "पढ़ती थी, श्रीमान। नागपुर में। अब घर पर ही है।" त्याने हातातला घास खाली ठेवला. "अरे, छुड़ा क्यों दिया मास्टरजी? मेरी भतीजी तो वहीं बी.ए. कर रही है, अभी पर्चे देकर आई है। इधर वैसा कॉलेज है कहाँ?" मी तुपाची वाटी घेऊन तुमच्या मागे उभी होते. मला तुमची फक्त मान दिसत होती. तुम्ही म्हणालात, "जी. जी, बिलकुल।" आणि हसलात. तुमची हिंदी त्या दिवशीही उत्तम होती. साहेब गेल्यावर तुम्ही हात पुसत म्हणालात, "मानूस चांगला आहे." एवढंच. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या स्थळाला पत्र टाकलंत.

स्थळ चांगलं होतं, तक्रार नाही. कापसाचा व्यापार, माणूस शांत. ते रोज वर्तमानपत्र आधी मला द्यायचे आणि रात्री विचारायचे, काय म्हणते दुनिया? त्यांनी पुढे दोनदा सुचवलं की घरून बस परीक्षेला, फॉर्म मी आणतो. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं संसारात रमली. तसं नव्हतं. मला ती परीक्षा हवी होती, त्या वर्षाची, त्या बाकावर बसून, पेपर हातात घेऊन बाहेर पडल्यावर मैत्रिणींशी भांडत घरी जाण्याची. दुसरी कुठली तरी परीक्षा देऊन तुमचं काम हलकं करून द्यायला मी तयार नव्हते. तुम्ही पाहुण्यांना सांगितलं असतंत, शेवटी केलं ना बी.ए. हट्ट म्हणा. तुमच्याकडून एवढं एकच माझ्या वाट्याला पुरतं आलं.

आणि तुम्ही तर मुलाबाळांत, शाळेत, गावात इतके चांगले होतात, की माझ्या रागाला कुठे जागाच मिळाली नाही. कुणापाशी बोलले असते तर म्हणाले असते, गुरुजींबद्दल असं बोलतेस? आजही तसंच. पहिल्या रांगेत बसून मी तुमच्या फोटोकडे पाहत होते आणि माझ्या मनात येत होतं, उठावं, माइक घ्यावा आणि उरलेली गोष्ट सांगावी. मला बोलायला सांगितलंही त्यांनी, दोन शब्द तरी बोला म्हणाले. मी मान हलवून नको म्हटलं. म्हातारी बाई गहिवरली असेल, असं त्यांना वाटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकण्यासारखा पत्ताही नाही. तरी ते लिहायला इतकी वर्षं लागली, कारण त्यात शेवटी एक गोष्ट लिहावी लागली असती. ती आता लिहून टाकते.

तुमच्या शेवटच्या आजारात मी सौंसरला येऊन राहिले होते. एक दुपार आहे, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले आहात, मी तुमच्या पायांना तेल चोळते आहे. तुम्ही न वळता विचारता, "त्या वर्षी पेपरात काय आलं होतं वं?" कुठलं वर्ष, कुठला पेपर, काही नाही. मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "मला काय माहीत. मी बसलेच नव्हते." तुम्ही म्हणालात, "हो, खरं आहे," आणि डोळे मिटले.

मला माहीत होतं, बाबा. माझी वर्गमैत्रीण त्याच उन्हाळ्यात एका लग्नाला लोधीखेड्याला आली होती, ती तो पेपर घेऊन मला भेटून गेली होती. सगळे प्रश्न मला पाठ होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुरडया तळताना, पोरांना झोपवताना, दळण दळताना मी प्रत्येकाचं उत्तर मनात इतक्यांदा लिहिलं होतं, की तुम्ही पुन्हा एकदा विचारलं असतं तर मी तिथेच, हात खाली ठेवून, मोठ्याने सगळं सांगितलं असतं. तेल केव्हाच जिरलं होतं. संध्याकाळ होईपर्यंत मी तुमच्या पायाशी बसून होते, तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून.